त्रेचाळीसचे उरलेले किलोमीटर

कुसरवाडीतल्या एकुलत्या एका जीपला कुणी गाडी म्हणत नसे. तिच्या पाटीवरचे शेवटचे दोन आकडे चार आणि तीन, म्हणून ती त्रेचाळीस. "त्रेचाळीस खाली गेली का?" "त्रेचाळीस आली की हाक मार." पठारावरच्या त्या बावीस उंबऱ्यांच्या वाडीत सव्वीस वर्षं असंच चाललं होतं. चार पोरं तिच्या मागच्या सीटवर जन्मली होती. तिचा मालक हणमंत शेलार बासष्ट वर्षांचा होता. गाडी किती पळाली असं कुणी विचारलं, की तो सांगायचा, "नऊ लाख ऐंशी हजार. चंद्रावर जाऊन परत आली असती आन् आता पुन्यांदा निम्म्या वाटंवर असती."

त्या चैत्रात मात्र त्याला पहिल्यांदा दुसराच आकडा ऐकावा लागला. गाडी किती पळाली तो नव्हे, अजून किती पळेल तो.

सांगणारी त्याचीच लेक होती. प्रणाली कराडच्या वाहन तपासणी केंद्रात यंत्रावर कामाला होती. पंधरा दिवसांपूर्वी तिनंच गाडीच्या सांगाड्याला अकरा जागी रुपयाएवढ्या चकत्या चिकटवल्या होत्या आणि "रोजच्यासारखी चालवा" म्हणून बापाला परत पाठवलं होतं.

त्या चकत्या म्हणजे कान होते. लोखंड थकतं, हे मिस्त्री लोकांना पहिल्यापासून ठाऊक. तार एकदा वाकवली तर काही होत नाही. तीच तार पुन्हा पुन्हा त्याच जागी वाकवली की एकाएकी तुटते. प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक वळणावर गाडीचा सांगाडा असाच जरा जरा वाकतो आणि त्याच्या पोटात केसाहून बारीक भेगा पडतात. अशी भेग वाढताना आवाज होतो. माणसाच्या कानाला तो कळत नाही, कुत्र्यालाही कळत नाही. चार वर्षांमागं एका प्रयोगशाळेतल्या लोकांनी तो आवाज पकडला आणि कोणती भेग किती वेगानं वाढते ते मोजायची रीत काढली. मग एका घाटात शाळेची बस चाकांचा आस तुटून खाली गेली, नि कायदा झाला. दहा वर्षांवरच्या प्रत्येक गाडीला हे कान लावायचे. ते स्टेअरिंगजवळच्या लहान काचेवर उरलेले किलोमीटर दाखवणार, आणि तो आकडा शून्यावर आला की गाडी सुरूच होणार नाही.

"सहा हजार चारशे बारा," प्रणाली म्हणाली.

"काय ते?"

"किलोमीटर, आबा. उरलेले."

हणमंत हसला. "टायरांचं म्हणतीस व्हय?"

"गाडीचं म्हणते."

त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं. प्रणालीनं त्याला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. "नीट ऐका. सहा हजारांवर गाडी मोडणारच, असा याचा अर्थ नाही. अशा हजार गाड्या घेतल्या, तर त्यातली पहिली जिथं मोडेल तो हा आकडा. बाकीच्या नऊशे नव्व्याण्णव पुढं जातील. कुणी दुप्पट, कुणी वीसपट. पण पहिली कोणती, ते कुणाला सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांनाच तिथं थांबवायचं."

"म्हंजी एकीनं खाल्लं शेण आन् हजारांच्या तोंडाला वास?"

"त्या एकीत आपली सगळी वाडी बसलेली असली तर, आबा?"

त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"वर्षानं पुन्हा मोजतात," ती म्हणाली. "इतक्या जुन्या गाड्यांची माहिती अजून थोडी आहे. ती वाढली की आकडा बदलूही शकतो."

"सरकारी आकडा आपल्या बाजूनं बदललेला कधी बघितलास का गं?"

मग तिनं दोन वाटा सांगितल्या. एक, गाडी दुरुस्तीला पुण्याला पाठवायची. तिथं सांगाडा उघडा करून थकलेलं लोखंड कापतात आणि नवं जोडतात. तीन महिने लागतात, आणि तीस-चाळीस हजार किलोमीटर वाढून मिळतात. पण उघडल्यावर आतून फारच गेलेला निघाला, तर गाडी परत मिळत नाही, तशीच भंगारात जाते. दुसरी वाट, गाडी बदलायची. पण नव्या गाड्यांना स्टेअरिंगच नसतं, त्या आपल्या आपण चालतात, आणि त्यांच्या यादीत पास असलेल्याच रस्त्यानं जातात. जांभळीच्या फाट्यापासून वर कुसरवाडीपर्यंतचा तीन किलोमीटरचा चढ त्या यादीत नापास होता. एक कडा ढासळलेली, रुंदी अपुरी.

"म्हंजी गाडी माझी आन् उभी फाट्यावर."

"रस्ता कधीतरी पास होईल, आबा."

"मी बी कधीतरी मरंन."

घरी जाताना तो पाटणला रज्जाक मिस्त्रीकडं थांबला. नऊ वर्षांमागं त्रेचाळीसचं डिझेल इंजिन काढून बॅटरी बसवली ती रज्जाकनंच. त्याआधी दोनदा इंजिन, तीनदा दारं, सीटा किती वेळा ते त्यालाही आठवत नव्हतं. फक्त सांगाडा पहिल्या दिवसाचा होता. रज्जाक गाडीखाली शिरला, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यानं लोखंडाला टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि बराच वेळ पडून राहिला.

"काय म्हणती?" हणमंतानं वाकून विचारलं.

"मला काय सांगती! मला आता माझी बायको ओरडल्याली ऐकू येत न्हाई." तो बाहेर आला, हात पुसले. "पुण्याला पाठवा, हणमंतराव."

"आन् परत न्हाई दिली तर?"

"तर न्हाई. दुखणं अंगावर काढणारं माणूस आन् गाडी, दोन्ही भर रस्त्यात बसत्यात."

"तीन महिनं ईश्वराला कोण नेणार?"

रज्जाक पुन्हा हात पुसायला लागला. हे उत्तर पुढं सगळ्यांनाच गप्प करणार होतं. ते इतकं चांगलं होतं, की खुद्द हणमंतालाही ते खरं वाटलं.

ईश्वरा गुरव त्याचा लहानपणापासूनचा सोबती. गवंडी माणूस. वाडीतली निम्मी घरं त्याच्या हातची, हणमंताचंही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या गेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाटणला जाऊन रक्त धुऊन घ्यायचं, तरच पुढचे चार दिवस. मोटारसायकलवर त्याला बसवत नसे, येताना घेरी यायची. त्रेचाळीस त्याला न्यायची आणि आणायची. जाऊन येऊन चव्वेचाळीस किलोमीटर. हणमंतानं त्याच्याकडून कधी काही घेतलं नाही, आणि ईश्वरानंही कधी आभार मानले नाहीत.

आता पुण्याला पाठवायची का नवी घ्यायची, यावर हणमंतानं घरी आठ दिवस विचार केला आणि दोन्ही केलं नाही. त्यानं तिसरंच ठरवलं. गाडी जपायची.

कुसरवाडीचा स्वभावच तो. चांगली चादर पाहुण्यांसाठी ठेवायची आणि आपण फाटकी पांघरायची. पाहुणे येईपर्यंत चादर उंदरांची होते. हणमंताची आई गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत तीन कोरी लुगडी निघाली होती, घडीवर विरलेली. पण त्या दिवशी सगळ्यांनी तिचं कौतुकच केलं, की बाईनं किती जपलं.

पहिल्यांदा त्यानं सीटेवारी माणसं भरून न्यायचं रोजचं वडाप बंद केलं. वाडीला ते पटलं. दर आठवड्याला दोनच फेऱ्या, मंगळवार आणि शुक्रवार, म्हणजे ईश्वराचं चुकणार नाही. तशा चालवल्या तर सव्वा वर्षाच्या वर जातं. पण आकडा काचेवर डोळ्यांसमोर असायचा. दर किलोमीटरला एकेक असा तो उतरायचा, आणि हणमंत तो तोंडातल्या तोंडात मोजायचा. गणपा मोरेच्या शहरात राहणाऱ्या पोरीचं साखरपुड्याचं बोलावणं आलं तर तो आधी म्हणाला, "जाऊन येऊन एकशे दहा." वाडीतल्या वाण्यानं वजनकाटा आणायला सांगितला तर तो म्हणाला, "पुढच्या मंगळवारी बघू."

"तुमी माणसाला बघितलं की त्याचं गाव किती लांब हाय तेच बघताय," त्याची बायको शालन एकदा म्हणाली.

"गाडी गेल्यावर बघ म्हणजी कळंल."

"गाडी हाय म्हणून काय कळतंय ते तर बघतीया मी."

ज्येष्ठातल्या एका मंगळवारी पाटणहून परतताना गाडीत हणमंत आणि ईश्वरा दोघंच होते. आकडा पाच हजार चारशेवर आला होता. ईश्वरा पुढच्या सीटवर, दंडाला पट्टी, डोळे मिटून.

"हणमा."

"काय?"

"त्या चकत्यातली एक माझ्या कपाळाला लाव लेका. बघू किती दावती."

हणमंत हसला नाही. जांभळीचा फाटा आला, चढ सुरू व्हायच्या आधी त्यानं गाडी बाजूला घेतली. दोन-तीन दिवस त्याच्या मनात घोळत होतं ते समोरच्या काचेकडं बघत तो बोलून गेला. "ईश्वरा, ती सरकारी रुग्णव्हॅन हितं फाट्यापातूर येती म्हणं. बिनडायवरची. फोन केला की येती."

ईश्वरानं डोळे उघडले. खिडकीतून बाहेर बघितलं. "येती की. आत गार हवा बी हाय म्हणत्यात."

"जाताना तर उतारच हाय."

"व्हय. आन् येताना चढ." थोडा वेळ गेला, आणि मग ईश्वराच हसला. "चालतंय रं. मी काय नवरदेव हाय का, दारात गाडी लागायला? तू जप गाडी. उद्या एखादी बाळंतीण अडली, कुणाला सापाचं पान लागलं, तर धावायला नको का?"

हणमंताला इतकं हलकं वाटलं की त्यानं राहिलेला चढ गाणं गुणगुणत चढवला. ईश्वरानं आपल्याला सोडवलं, हे त्याला कळलं. का सोडवलं, याच्याशी त्याला त्या दिवशी देणंघेणं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारपासून ईश्वरा आणि त्याची बायको नंदा फाट्यापर्यंत चालत जायला लागली. जाताना पाऊण तास, येताना दीड तास. श्रावणात पठारावर धुकं बसलं, तेव्हा येताना दोन तास. चढावर तीन जागी ईश्वरानं दगड रचून बसायला कट्टे केले. गवंड्याचा हात, तेही ओळंबा लावल्यासारखे सरळ होते. हणमंताच्या अंगणातून तो सगळा रस्ता दिसायचा. मंगळवारी-शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला हणमंताला घरात काहीतरी काम निघायचं.

भाद्रपदात ईश्वरानं शुक्रवार सोडले. "आठवड्यातून एकदा बास," तो म्हणायचा. "रक्त काय रोज मळतंय?" त्याचे पाय सुजले. ही बातमी शालननं घरी आणली आणि ताट वाढता वाढता सांगितली. हणमंतानं भाकरी मोडली, म्हणाला, "डाक्टरनं सांगितलंच असंल काहीतरी."

"डाक्टरनं दोनदा या म्हणून सांगितलंय. त्याला तेवढंच ठावं हाय." एवढं बोलून ती चुलीकडं वळली.

आश्विनातल्या एका सोमवारी दुपारी बाराला नंदा धावत आली. पदर खांद्यावर नाही, पायात चप्पल नाही. "भावजी, त्यांना दम लागलाय. आडवं पडवत न्हाई. ओठ निळं झाल्यात."

हणमंत उठला, किल्ली घेतली. एवढं त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे की तो लगेच उठला. ईश्वराला चौघांनी उचलून मागं बसवलं. गाडी सुरू झाली आणि काचेवर आकडा उजळला. पाच हजार अडुसष्ट.

"व्हॅनला फोन केला का?" हणमंतानं विचारलं.

"केला. फाट्यावर येती म्हणाली. ईस मिंटात."

"मग तिच्यात इंजेक्शनं, प्राणवायू, समदं असतंय. आपल्यापरीस ती बरी."

हे खोटं नव्हतं. त्या व्हॅनमध्ये प्राणवायू होता. फाट्यावर ते दहा मिनिटांत पोचले. व्हॅन आली नव्हती. फोनवर वीस मिनिटं दिसत होती. पंधरा मिनिटांनी पाहिलं, तरी वीसच दिसत होती. खाली कुठंतरी दरड साफ करायचं काम चाललं होतं, आणि व्हॅन नियमानं एका बाजूला थांबून राहिली होती. त्रेचाळीस ती वाट कडेकडेनं काढून गेली असती. सव्वीस वर्षं तिनं हेच केलं होतं.

"भावजी, तुमीच चला की," नंदा म्हणाली. एकदाच म्हणाली.

"आता येईलच, वैनी. आपण निघालो आन् ती वर आली, तर चुकामूक व्हईल."

ईश्वरा तोंड उघडं टाकून श्वास ओढत होता. त्याचं डोकं नंदाच्या खांद्यावर होतं आणि त्याचे डोळे हणमंताच्या मानेमागं कुठंतरी लागले होते. हणमंतानं आरशात एकदा बघितलं आणि आरसा जरा वर केला.

व्हॅन पन्नास मिनिटांनी आली. दार आपोआप उघडलं, आतला बाईचा आवाज म्हणाला, "कृपया रुग्णाला पट्टा लावा." पट्टा लागेपर्यंत व्हॅन हलली नाही. पट्टा लागायला सहा मिनिटं गेली, कारण ईश्वराला ताठ बसवत नव्हतं. पाटणच्या दवाखान्याच्या फाटकात ती पोचली तेव्हा आतला आवाज कृपया रुग्णाला उतरवा म्हणत राहिला. उतरवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हणमंताला कुणी काही बोललं नाही. तेराव्यालाही नाही. वाडी तशी शहाणी होती. उद्या आपल्यालाही त्रेचाळीस लागेल, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. फक्त शालन एका सकाळी, गाडी फडक्यानं पुसत असलेल्या नवऱ्याजवळ येऊन उभी राहिली.

"ईश्वराभावजी म्हणालं व्हतं म्हणं, बाळंतीण अडंल म्हणून जप."

"म्हणाला व्हता."

"वाडीत बाळंतीण हुईल अशी बाई हाय का कोण? समद्यात धाकटी पारू, ती बावन्नची."

तो पुसत राहिला.

त्या हिवाळ्यात कुणी अडलं नाही. कुणाला साप चावला नाही. कुणी झाडावरून पडलं नाही. हणमंत वाट बघत होता, हे त्याचं त्यालाही कबूल करवलं नसतं. एखादं मोठं संकट यावं आणि त्याच्या हातचे राखलेले किलोमीटर सत्कारणी लागावेत, म्हणजे सगळं बरोबर होतं असं ठरेल. संकट आलं नाही. जे यायचं होतं ते येऊन गेलं होतं, सोमवारी दुपारी, आणि हणमंतानं त्याला फाट्यावर उतरवलं होतं.

चैत्र आला. एका सकाळी बॅटरी बसू नये म्हणून हणमंतानं अंगणात गाडी नुसती सुरू केली, आणि काचेवर आकडा आला, एक लाख सदतीस हजार सहाशे चाळीस. काच बिघडली असं समजून त्यानं ती बंद करून पुन्हा चालू केली. तोच आकडा. त्यानं प्रणालीला फोन लावला.

"मीच करणार होते फोन!" तिचा आवाज आनंदानं फुलला होता. "आबा, नवी मोजणी लागू झाली. वर्षभर देशातल्या चार हजार जुन्या गाड्या कापून बघितल्या. जुनं लोखंड वाटलं त्याहून चिवट निघालं. भेगा वाढतात, पण वाढता वाढता थांबतात. पहिलं सूत्र फारच भित्रं होतं. कितीतरी गाड्यांचे आकडे वीसपटीनं वाढलेत. तुमची तर जन्माला पुरली आता."

"म्हंजी चुकलं व्हतं पैलं?"

"चुकलं नव्हतं. तेव्हा माहिती कमी होती."

"तवाबी ती पळालीच असती?"

"पळाली असती. पण ते तेव्हा कुणाला माहीत नव्हतं ना, आबा."

"तू सांगितलं व्हतंस," हणमंत म्हणाला. "नऊशे नव्व्याण्णव पुढं जात्यात म्हणून. आकडा बदलंल म्हणून बी सांगितलं व्हतंस."

ईश्वराकाकानं प्रणालीला लहानपणी वाळूत घर बांधायला शिकवलं होतं. "आबा," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

दुपारपर्यंत शालनकडून वाडीला कळलं. लोक येऊन आकडा बघून गेले. गणपा मोरेनं तर काचेला हळदकुंकू लावलं. उद्यापासून वडाप सुरू कर म्हणाले. हणमंत हो म्हणाला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुणासाठी न थांबता आधी ईश्वराच्या घरापुढं गेला. मंगळवार होता. नंदाला मंगळवारी गुडघ्याच्या औषधासाठी पाटणला जावं लागे. दाराला कडी होती. ती पुढं निघून गेली होती.

पहिल्या वळणाच्या खाली त्यानं तिला गाठलं. काखेत पिशवी, हातात काठी. त्यानं गाडी तिच्या बरोबरीनं घेतली आणि काच खाली केली.

"वैनी, बसा."

"व्हॅन यायची हाय फाट्यावर."

"मी पाटणला सोडतो. थेट. आकडा वाढलाय."

"ऐकलं काल. शालन सांगत व्हती." ती थांबली नाही. "किती म्हणं?"

"एक लाख सदतीस हजार."

आता ती थांबली. काठीवर दोन्ही हात ठेवून तिनं गाडीकडं बघितलं, बॉनेटपासून मागच्या दारापर्यंत. तिच्या चेहऱ्यावर राग दिसेल म्हणून हणमंत तयार होता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "र्‍हाऊ द्या भावजी. चार महिनं त्यांच्यासंगं चालून चालून मला ह्या रस्त्याची सवय झालीया."

आणि ती चालायला लागली.

हणमंतानं गाडी पुढं काढली नाही, मागं वळवलीही नाही. तो तिच्या मागं मागं राहिला, पेडलवर पाय न दाबता, उतारावर गाडी जाईल तशी जाऊ देत. तीन कट्ट्यांपैकी एकाही कट्ट्यावर ती बसली नाही. तिनं एकदाही वळून बघितलं नाही. फाट्यावर व्हॅन उभी होती. दार आपोआप उघडलं, ती आत गेली, तिनं आपला पट्टा आपण लावला, आणि दार मिटलं.

व्हॅन वळणाआड गेली, तरी हणमंत स्टेअरिंगवर हात ठेवून बसून होता. कुठं बघावं हे त्याला कळेना. आणि नको नको म्हणताना त्याची नजर काचेकडं गेली. आकडा तीननं कमी झाला होता.